समुद्रापलीकडचा ब्रेक

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. हे 'होते' त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी विचारलं की ते "मी ड्रायव्हर हाय" असंच सांगतात, आणि आई आतून म्हणते, "हो, आरामखुर्चीचे."

आमचं गाव दापोलीहून बुरोंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाबांच्या नोकरीतली शेवटची बरीच वर्षं याच रस्त्यावर गेली. सकाळच्या फेरीला बुरोंडीच्या स्टॉपवर मासे विकणाऱ्या बायका टोपल्या ओळीने मांडून उभ्या असत. बाबांची उभ्या आयुष्यात एकच फुशारकी, आणि ती त्यांनी आम्हाला जेवताखाता, सणासुदीला, पाहुण्यांसमोर ऐकवली. गाडी थांबली की दार बरोबर पहिल्या टोपलीसमोर. पाऊलभर पुढे नाही, पाऊलभर मागे नाही. डोक्यावर भरली टोपली घेतलेल्या बाईला गाडीमागे धावायला लावतो तो त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे, नुसता चाक धरून बसलेला माणूस.

मी जवळच्याच हायस्कुलात गणित शिकवते. लग्न केलं नाही, आईवडिलांजवळ राहते, आणि स्वभावाने तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. वेळेवर दवाखान्यात पोचलो म्हणून निभावलं. वाचा लवकर परत आली, थोड्या महिन्यांनी काठीच्या आधाराने चालायलाही लागले. पण उजवा हात आणि उजवा पाय यांना काही सांगितलं की ते ऐकायचे जरा वेळाने. घास उचलायचा ठरवला की हात निघायचा, पण उशिरा. सदऱ्याची बटणं लावताना तर ते इतके घामाघूम व्हायचे, की मी न राहवून पुढे होऊन लावून टाके, आणि मग दिवसभर ते माझ्याशी बोलत नसत.

व्यायाम शिकवायला दापोलीहून एक मुलगी यायची. तिने मुठीत दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो दोनदा दाबला, तिसऱ्यांदा खाटेखाली भिरकावला. "मी काय रांगतं पोर हाय?" म्हणाले. ती बिचारी समजावून समजावून थकली. मी ओरडून पाहिलं, आईने रडून पाहिलं. चेंडू शेवटी मांजराचा झाला.

मला भीती वाटली ती चेंडूची नव्हे. बाबा दिवसभर पडवीत रस्त्याकडे तोंड करून बसायचे. खालून गाडी चढायला लागली की नुसत्या आवाजावरून ड्रायव्हरने गिअर कधी बदलला ते सांगायचे, आणि बहुतेकांना शिव्या द्यायचे. एके दिवशी गाडी आली, चढली, गेली. यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी वह्या तपासत बाजूला बसले होते. हातातली वही मी मिटून ठेवली.

माझा धाकटा भाऊ मुंबईत एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्या गणपतीला तो घरी आला तो मखराच्या सामानाबरोबर आणखी एक खोकं घेऊन. त्यातून निघालं गाडीचं चाक. खरं नव्हे, खेळण्यातलं, पण चांगलं भक्कम, टेबलाला घट्ट बसणारं. त्याच्याबरोबर पायाखाली ठेवायचे दोन पेडल, आणि त्याच्या ऑफिसने टाकून दिलेला एक लॅपटॉप. मी भडकले. म्हटलं, इथे माणसाला सदरा घालता येत नाही आणि तू व्हिडिओ गेम घेऊन आलास? तो म्हणाला, "ताई, चेंडू ते दाबणार नाहीत. चाक सोडणार नाहीत."

मी ऐकून घेतलं. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

आता तो लॅपटॉप असा, की दोन खिडक्या एकदम उघडल्या तर त्याला धाप लागे. असला गेम चालवायला लागतं ते महागडं यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं. पण भाऊ म्हणाला, यंत्र आपल्याकडे असायची गरजच नाही. गेम दूर कुठेतरी, परदेशातल्या एका मोठ्या इमारतीत, रॅकवर रचलेल्या यंत्रांपैकी एकावर चालतो. आपण चाक फिरवलं की ती खबर वायरीने तिकडे जाते, तिकडे गाडी वळते, आणि वळलेल्या गाडीचं चित्र वायरीनेच परत लॅपटॉपला जोडलेल्या आपल्या टीव्हीवर येतं. सगळं पापणी लवायच्या आत. असं कंपनीचं म्हणणं होतं. कंपनीने आमच्या गावची वायर पाहिलेली नव्हती.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंजे मी हितं ब्रेक दाबायचा, आनि गाडी थांबायची समुद्राच्या पल्याड?"

"बरोबर."

"आनि तितून निरोप आला की मग मला दिसनार, थांबली म्हनून?"

"बरोबर."

"ह्याच्यापेक्षा पोष्टकार्ड टाका."

पण बसले. भावाची अटकळ खरी होती. समोर चाक आल्यावर त्यांच्याने राहवेना. उजवा हात डाव्या हाताने उचलून चाकावर ठेवला आणि बोटं एकेक करून वळवली. पेडल गुळगुळीत फरशीवरून मागे सरकत होते, म्हणून आईने जेवायचा पाट आणून भिंतीला टेकवून मागे घातला. टीव्हीवर बस उभी राहिली. रस्ता कुठल्या देशातला कोण जाणे, पण डोंगरातला, वळणावळणाचा. पुढे एका वळणावर स्टॉप, स्टॉपवर एक बाई हातात पिशवी घेऊन उभी.

बाबांनी ब्रेक दाबला. बस थांबली ती स्टॉप ओलांडून चांगली लांबवर. मागे आरशात ती बाई हात वर करून उभी राहिलेली दिसत होती.

बाबांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "बंद कर," म्हणाले.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. भावाचा, त्या कंपनीचा, त्या चित्रातल्या बाईचा. मी बाबांना उठवलं आणि म्हटलं, सरका, मला बघू दे. मी रोज स्कूटर चालवते, माझे हातपाय धडधाकट आहेत. मी बस नेली, स्टॉप आला, मी ब्रेक करकचून दाबला. बस स्टॉप ओलांडून, फुटपाथ ओलांडून, एका दुकानाच्या काचेत शिरली.

मग मागून बाबांचा आवाज आला, "काय गो बाय, तुजा पन पाय अडाकला काय?"

आणि ते हसायला लागले. किती महिन्यांनी हसत होते. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. मग भावाला बसवला. त्याचीही बस पुढे. वायरीतून ब्रेकचा निरोप जाऊन चित्र परत येईपर्यंत वेळ लागत होता, आणि तो सगळ्यांना सारखाच लागत होता. या खेळात सगळेच उशिराचे होते. बाबा म्हणाले, "मग माजंच काय वायट?" आणि काठी टेकत परत चाकावर येऊन बसले.

भाऊ मुंबईला गेला. बाबांचा मात्र रोजचा नेम सुरू झाला. दुपारचा चहा झाला की गाडी काढायची. कधी कधी गेम लगेच सुरू होत नसे. तिकडची यंत्रं सगळी गुंतलेली असत आणि पडद्यावर सूचना येई, की तुम्ही रांगेत आहात. मला अशा रांगांचा संताप येतो. बाबांना उलट बरं वाटे. आपल्यासारखी आणखीही माणसं स्टँडवर खोळंबलीयत म्हणायचे. वाऱ्याच्या दिवशी चित्राचे चौकोन चौकोन होऊन पार गोधडी होई. तरी चाक सोडत नसत. डोळे बारीक करून म्हणत, "धुकं पडलंय."

उशिरावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. भरलेली गाडी उतारावर मागाल तिथे थांबत नाही, आधीच मागायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्टॉप दिसायच्या आधीच ब्रेकवर पाय ठेवायला लागले. रोज थोडं पुढे, थोडं मागे. कधी बस स्टॉपच्या आधीच उभी राही, तेव्हा आई म्हणे, "आता ती बाय चालत येवंदे व्हय तुमच्यापर्यंत?" आई या खेळात कधी शिरली ते तिलाही कळलं नसेल. आधी कुरकुरायची. मग चहाचा पेला घ्यायला येऊन उभी राहायची. मग एक दिवस गाडी स्टॉपवर थांबली, पडद्यावरची माणसं चढली, आणि तिने हातातल्या पेल्यावर चमच्याने दोनदा वाजवलं. टिंग टिंग. कंडक्टरची डबल बेल, गाडी सोडा. बाबांनी वळूनही न बघता गाडी सोडली. तेव्हापासून तिची बेल झाल्याशिवाय गाडी हलत नसे.

होळीचे दिवस जवळ आले तोपर्यंत त्यांच्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या मदतीशिवाय चाकावर वळायला लागली होती. व्यायाम शिकवणारी मुलगी चकित झाली. तिला वाटलं चेंडूचा गुण. आम्ही कुणी काही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. बाबांनी सगळा उशीर वायरीच्या नावावर टाकला होता. आमटी चमच्यातून सांडली की हसून म्हणायचे, "नेट स्लो हाय." बटण लावायला वेळ लागला तरी तेच. मीही मान डोलवायचे. "वायरीचंच आहे हो बाबा," म्हणायचे. कारण हा उशीर आपला नाही असं वाटत होतं म्हणूनच तर ते रोज चाकावर बसत होते. वायर सुधारली तर काय होईल, हा विचार मी मनाच्या पार मागच्या खोलीत ढकलून दिला होता. आमच्या गावची वायर सुधारेल यावर माझा तसा विश्वासही नव्हता.

वायरीची आमच्याकडची तऱ्हा सांगायला हवी. केबलवाल्याने ती मोठ्या रस्त्यावरच्या खांबावरून काढून आमच्या फणसावर नेली, फणसावरून शेजारच्या आंब्यावर, तिथून गोठ्याच्या आढ्यावर, आणि मग खिडकीतून आत. मधल्या वाटेवर ती इतकी खाली लोंबे, की उंच माणसाला वाकून जावं लागे.

आणि शिमग्याला आमच्याकडे होळीचं झाड येतं. गावकीतली माणसं रानातून अख्खं झाड तोडून आणतात, आणि ते ओढत नाहीत, खांद्यावर नाचवत आणतात. ढोल वाजत असतो, फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, घातल्या जातात, झाड वर उडतं, खाली येतं, पुन्हा खांद्यांवर झेललं जातं. मुंबईहून झाडून सगळे पुरुष येतात ते यासाठीच. घरटी एक खांदा त्या झाडाला लागलाच पाहिजे. आमच्या घराचा खांदा आजवर बाबांचा होता. ड्युटी बदलून घेऊन, प्रसंगी साहेबाशी भांडून ते त्या दिवशी गावात हजर असत.

त्या वर्षी बाबा पडवीत खुर्चीवर बसले. भाऊ आला होता. त्याच्यावर काम सोपवलं होतं ते असं, की झाड वाटेवर आलं की आंबे काढायच्या घळीने, म्हणजे त्या जाळी लावलेल्या लांब काठीने, आमची वायर वर उचलून धरायची आणि झाड खालून जाऊ द्यायचं. काम सोपं होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला जमण्यासारखं होतं.

भर दुपारी ढोल वाजायला लागला. झाड वळणावर दिसलं. भाऊ घळ घेऊन वायरीखाली उभा राहिला आणि वायर नीट वर उचलली. मी मनात म्हटलं, चला, पार पडतंय. झाड वाटेवर आलं, ढोलाचा ठेका चढला, माणसं गुलालाने माखलेली. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा काठीशिवाय उभे होते. गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, "बाबू! खांदा दे रं! आपल्या घराचा खांदा नाय लागला!"

बापाची हाक. माझ्या शहाण्या भावाने घळ टाकली आणि झाडाखाली शिरला. वायर खाली आली, झाड वर उडालं, आणि बुंध्यात अडकलेली आमची वायर फणसापासून गोठ्यापर्यंत सगळी तुटून झाडाबरोबर नाचत नाचत होळीच्या माळावर गेली.

मी कपाळावर हात मारला. बाबांना मात्र त्या क्षणी वायरीचं काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "लागला," म्हणाले. "खांदा लागला." आणि खाली बसले.

वायरीची आठवण दुसऱ्या दिवशी चहानंतर आली. केबलवाल्याला फोन केला, तर तो स्वतः त्याच्या गावात शिमग्याच्या पालखीबरोबर. पालखी घरोघर फिरून देवळात परत बसल्यावर बघू म्हणाला. त्याच्यावर ओरडायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण ज्या घराने होळीच्या झाडापायी वायर तोडून घेतली त्या घराने पालखीपायी थांबायला नको म्हणणं शोभलं नसतं.

त्याच आठवड्यात दुसरा फटका बसला. भावाचा मुंबईहून फोन आला. आम्ही ज्या कंपनीचा गेम खेळत होतो, तिने या महिन्याअखेर सेवाच गुंडाळायची ठरवली होती. परवडत नाही म्हणे. तेवढी यंत्रं चालवायची, वीज भरायची, गेम बनवणाऱ्यांना त्यांचा वाटा द्यायचा, आणि लोक पैसे मोजायला तयार नाहीत. बाबांनी गेममध्ये मेहनतीने मिळवलेली गाडी, उघडलेले रस्ते, सगळं पुसलं जाणार. भाऊ फोनवर चिडून म्हणत होता, "हाच तर वैताग आहे याचा. आपल्या हातात काहीच नसतं. विकत घेतलेला गेम निदान घरात तरी राहतो. हे धंदे असेच बंद पडणार."

फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, आता बाबा खचतील. ते म्हणाले, "एसटी तरी कधी तुज्या बापाची व्हती?"

आणि फोनकडे वाकून पुढे म्हणाले,

"दापोलीला रेल्वे नाय. घरची गाडी घ्यायची ऐपत कितींची? म्हनून काय लोक मुंबईला गेले नाय? एकच गाडी, बसतील तेवडी मानसं, उतरली की दुसरी चडली. रूट बंद पडतात, मी डोळ्यांनी बगलेत. पन मानसांना जायचं असलं की कुनीतरी गाडी लावतो. तू दुसरी गाडी बग."

मी आजवर या विषयावर बरंच वाचलंय. मोठमोठी माणसं लिहितात की या सेवा टिकणार की नाही, अमुक होणार, तमुक होणार. बाबांइतकं सरळ मला कुणी सांगितलं नाही. ज्यांना यंत्र घ्यायची ऐपत आहे ते आपलं यंत्र घेऊन बसतील. बाकीच्यांनाही कुठेतरी जायचं असतंच. आणि आमच्यासारखी ही बाकीची माणसं मोजायला गेलं तर पुष्कळ भरतील. म्हणून मला वाटतं, गाडी पुन्हा पुन्हा लागत राहील. मधे एखादी फेरी चुकेल, पण लागत राहील.

भावाने दुसरी गाडी बघितली. आपल्याच देशातली नवी सेवा, तिची यंत्रं मुंबईत. समुद्र मधून गेला. इकडे पालखी बसली आणि केबलवाला उगवला, तो नवीनच वायर घेऊन. फणस-आंब्याचा प्रवास त्याने रद्द केला आणि रस्त्याच्या कडेने चर खणून वायर जमिनीखालून घरापर्यंत आणली. पुढच्या शिमग्याला मला तुमच्या शिव्या नकोत म्हणाला. सगळं जमून आल्यावर भाऊ फोनवर आनंदाने ओरडला, "बाबा, आता उशीर संपला! पाय टेकला की ब्रेक लागणार!"

मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मनाच्या मागच्या खोलीत ढकललेलं सगळं आता दारात येऊन उभं राहिलं. आता वायरीवर ढकलता येणार नव्हतं. बस पुढे गेली तर ती बाबांच्या पायामुळेच जाणार होती, आणि ते त्यांना कळणार होतं. ते पुन्हा मांडीवर हात ठेवून "बंद कर" म्हणाले तर? पुन्हा पडवीत बसून खालून येणाऱ्या गाडीकडे मान वर केली नाही तर? मी टाळाटाळ सुरू केली. एक दिवस लॅपटॉपचा चार्जर सापडत नव्हता. तो मीच कपाटात साड्यांखाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत मीटिंग होती. तिसऱ्या दिवशी माझं डोकं दुखत होतं.

चौथ्या दिवशी शाळेतून आले, तर चार्जर टेबलावर आणि बाबा चाकासमोर. आईने साड्या आवरायला घेतल्या होत्या.

"बस," बाबा म्हणाले. मी बसले.

"तुला भ्या कसलं वाटतंय?"

"कसलं नाही. नवीन आहे, बिघडेल, म्हणून..."

"उशीर माजा हाय ता मला कळंल, म्हनून?"

मी तापट आहे, पण बाबांनी असं सरळ विचारलं की माझी दातखीळ बसते. डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला.

"अगो," बाबा म्हणाले, "चमच्याला कुठली वायर?"

मी डोळे पुसले.

"बटनाला कुठली वायर? मला काय कळत नव्हतं? पन टीव्हीसमोर बसलं की वायरीचा उशीर नि माजा उशीर एकात एक. किती कुनाचा ता समजायला मार्ग नाय. आता वायर गेली मधून. आता राहील ता माजं. मला बगायचंय किती हाय."

आई दारात येऊन उभी होती. तिच्या हातात पेला आणि चमचा होता, पण ती वाजवत नव्हती. मी गेम सुरू केला. नव्या सेवेत रांग नव्हती. चित्र इतकं स्वच्छ आलं, की बाबा म्हणाले, काच पुसली काय कुणी. डोंगरातला रस्ता, वळणं. गाडी त्यांच्या हाताबरोबर वळत होती, मागून नव्हे. बाबा सावकाश चालवत होते. त्यांची उजवी बोटं चाकाभोवती घट्ट होती. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, कारण पडद्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

"स्टॉप," आई म्हणाली.

मी वर बघितलं. स्टॉपवर एक बाई पिशवी घेऊन उभी होती. बाबांनी या वेळी आधी ब्रेक मागितला नाही. स्टॉप जवळ आल्यावर, जिथे पूर्वी बुरोंडीला मागत, तिथेच मागितला. पाय खाली गेला. मला तो जाताना दिसला. त्याला वेळ लागला, हे मी नाकारणार नाही. बस थांबली ती थोडी पुढे. दार बाईच्या पुढे गेलं होतं. तिला दोन पावलं टाकावी लागली.

फक्त दोन. ती धावली नाही. चालत आली आणि चढली.

बाबा पडद्याकडे बघत बसले. आता हात मांडीवर जाईल असं मला वाटत होतं. तो चाकावरच होता.

"येवडाच?" ते म्हणाले. मला विचारत नव्हते. स्वतःशीच बोलत होते. "येवडाच काय? मला वाटलं व्हतं, सगळाच माजा हाय."

मग ते माझ्याकडे वळले. असा चेहरा मी त्यांचा फार वर्षांपूर्वी बघायची, मुंबईची गाडी घाटातून सुखरूप आणून दापोलीच्या स्टँडला लावल्यावर.

"लेट हाय गो, बाय," ते म्हणाले. "रद्द नाय."

मी रडत होते आणि हसत होते, आणि हे दोन्ही एकदम करताना मी फार वेडगळ दिसते असं आई नंतर म्हणाली. पण त्या वेळी तिने काही म्हटलं नाही. पडद्यावरची बाई आत जाऊन बसली, दार लागलं, आणि आईने पेल्यावर चमच्याने दोनदा वाजवलं.

बाबांनी गाडी सोडली.